आमच्या ओवीचं नाव

आमची ओवी गेली, त्याला आज वर्ष झालं.

तीन वर्षांची होती. माझ्या भावाची मुलगी. मी तिची आत्या.

नाव मीच शोधलेलं. दादा फोनवर म्हणाला होता, "काहीतरी मॉडर्न बघ, पण मराठीच."

गुगलवरची नावं वाचून डोकं उठलं. एकाचाही अर्थ मनात उतरेना.

बाहेर ओट्यावर आबा, म्हणजे आमचे वडील, गुणगुणत होते. आमचं घर पूर्वी मेंढरांमागं फिरायचं. आता शेळगावात शेती आहे, पण धनगरी ओव्या आबांच्या गळ्यात राहिल्या.

तिथंच ठरलं. ओवी.

बारशाला आबा हसले. "अगं, ओवी गात्यात. पोरीला ठेवत्यात व्हय?"

"ओवी म्हंजी ओवलेली, आबा. फुलं ओवतो ना, तशी."

"मग ब्येस हाय."

रोज संध्याकाळी आबा तिला मांडीवर घेऊन गायचे. ती त्यांची हनुवटी धरून म्हणायची, "आबा, माजी ओवी म्हना."

मग ताप आला. इंदापूरला दाखवलं, तिथून बारामतीला हलवलं.

डेंग्यू. प्लेटलेट्स खाली खालीच येत होत्या. डॉक्टरांनी करायचं काही बाकी ठेवलं नाही.

नर्स वहिनीला म्हणाली, "नावानं हाक मारत राहा."

वहिनी हाक मारत राहिली. "ओवी... ए ओवी... बघ की गं माझ्याकडं..."

डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला, तरी ती थांबली नाही.

आबांनी त्यानंतर गाणं सोडलं. कुणी बोलवायला आलं की म्हणतात, "घसा बसलाय."

आणि हे नाव आता सगळीकडं आहे. आमच्या अंगणवाडीतच दोघी आहेत. फेसबुक उघडलं की कुणाच्या तरी ओवीचा बर्थडे.

मागच्या महिन्यात वहिनीसोबत इंदापूरच्या स्टँडवर उभी होते. मागून एक बाई ओरडली, "ओवी, पळू नको, गाडी येतीय!"

वहिनी पिशवी टाकून धावली. त्या पोरीला उचलून छातीशी धरलं.

तिची आई घाबरली. "अहो ताई, माझी हाय ती!"

वहिनीनं तोंड बघितलं. हळूच खाली ठेवलं.

"व्हय. तुमचीच हाय."

मग मागं टाकलेली पिशवी उचलायला गेली.

लोक म्हणतात, दुसरं होईल. वहिनी ऐकून घेते आणि आत निघून जाते.

आज फोटो मांडलाय. हार घालायला दादाचा हात उचलेना. मी घातला.

जा बाळा.

भावपूर्ण श्रद्धांजली म्हणायची असते. एवढ्याशा पोरीला कशी म्हणू?