तळ्यातली अकरा कासवं

गावचं तळं बुजवायला डंपर लागले, त्या दुपारी विमलबाई घमेलं घेऊन चिखलात उतरल्या. पाणी उपसून टाकलेलं, कासवं उघड्यावर पडलेली. अकरा सापडली. त्यांनी ती ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि खारघरच्या एका शोभेच्या माशांच्या दुकानात नेऊन विकली. "मरत व्हती, मी वाचवली," असं शेजारणींना सांगितलं. पुढं चार वर्षं स्वतःलाही तेच सांगत राहिल्या.

तळ्याच्या जागी आता टॉवर उभा आहे. तिथंच सातव्या मजल्यावर संघमित्राताईंकडे त्या स्वयंपाकाला जातात. एक दिवस ताईंच्या हॉलमध्ये काचेची पेटी दिसली.

"मावशी, घरात कासव शुभ असतं म्हणे. भावानं आणून दिलंय."

विमलबाईंनी वाकून पाहिलं. आपल्याच गोणपाटातलं की दुसरं, कळायला मार्ग नव्हता. पण जात तीच. त्या दिवशी दोन पोळ्या करपल्या.

महिन्याभरात कासवाचे डोळे सुजले. खाणं सुटलं. दिवसभर काचेवर नखं घासत राहायचं.

"कुठून आणतात हो हे लोक?" ताई हळहळल्या.

विमलबाईंनी गॅस बंद केला. "आमच्यासारखी मानसं देतात, ताई. मीच इकलीत अकरा. तुमच्या या बिल्डिंगखालचीच."

ताईंनी वनखात्याला फोन लावला. वनरक्षक अभय आला. हे कासव पाळणंही गुन्हा, विकणंही, असं त्यानं दोघींना बजावलं. जबाब लिहिताना त्यानं विचारलं, "तेव्हा जवळपास दुसरं तळं नव्हतं का?"

नाही म्हटलं असतं, तर कोणी शोधायला गेलं नसतं.

"व्हतं. देवलामागं. दहा मिन्टांवर."

"मग?"

"तिथं सोडून माझ्या हातात काय आलं अस्तं, साहेब?" विमलबाईंची मान वर झाली नाही.

कासव उपचारांनी सावरलं. अभयनं ते देवळामागच्या तळ्यात सोडलं. विकलेल्या कासवांचा पत्ता लागला नाही. दुकानदारानं कानावर हात ठेवले.

विमलबाईंनी मग शेजारणींना खरं काय ते सांगून टाकलं. त्या हसल्या. "कासवंच ती! एवढं काय मनाला लावून घेतेस?"

कुणीतरी चार शब्द सुनावायला हवे होते, असं वाटत विमलबाई घरात गेल्या.