जगात एकच

दुकानात त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे. मालकांनी एकदा चेष्टेत हाक मारली आणि ती चिकटली ती चिकटलीच. काम होतं फोटो सुधारण्याचं. गेलेल्या माणसाचा एखादा ओळखपत्रावरचा, चुरगळलेला, अर्धा चेहरा शिक्क्याखाली गेलेला फोटो घेऊन लोक यायचे आणि म्हणायचे, भिंतीवर लावता येईल असा करून द्या. मग डॉक्टर त्या माणसाला कोट चढवायचा, शिक्का पुसायचा, केस नीट करायचा आणि मुख्य म्हणजे मिटलेले डोळे उघडायचा. त्यात त्याचा हातखंडा होता. सख्ख्या भावाचे डोळे घ्यायचा, नाहीतर मुलाचे, आणि त्यांत त्या माणसाच्या वयाचा थकवा भरायचा. गिऱ्हाईक प्रिंट बघून पुष्कळदा तिथेच काउंटर धरून रडायचं. एकोणीस वर्षं हे चाललं होतं. फोटोच्या पाठीवर शिक्का मात्र दुकानाचा.

दुकानाचा एक नियम होता, तो आधी सांगायला हवा. पूर्वी तिथल्या एका कारागिराने आगाऊपणा केला होता. एका बाईंच्या दिवंगत नवऱ्याचा चेहरा फार हसरा उतरला होता, तो त्याने परस्पर एका दातांच्या दवाखान्याच्या जाहिरातीत वापरला. बाई बसमधून चालल्या होत्या. चौकात बघतात तर काय, नवरा दहा फूट उंच, बत्तीशी काढून उभा! त्या तशाच दुकानात आल्या आणि मालकांना जे काही बोलल्या, ते मालक मरेपर्यंत विसरायचे नाहीत. तेव्हापासून नियम असा, की गिऱ्हाइकाने प्रिंट हातात घेतली की त्याच्या डोळ्यांदेखत फाइल पुसायची. पुसलेल्या फायलींच्या डब्यातूनही काढायची. मालकांनी हे भीतीपोटी केलं होतं, पण डॉक्टरने ते मनापासून धरलं. एकदा दिलं म्हणजे दिलं, स्वतःकडे चोरून ठेवायचं नाही, यात त्याला आपली इभ्रत वाटायची.

आणि गंमत बघा, गावभरच्या मेलेल्यांचे डोळे उघडणाऱ्या या माणसाच्या घरात त्याच्या सख्ख्या बहिणीचा एक फोटो नव्हता.

ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. एकोणिसाव्या वर्षी तापाने गेली, तेव्हा हा अकराचा. फोटो होते, अल्बम भरून होते. पण कपाटामागची पाण्याची नळी फुटली आणि घरच्यांना चार दिवस पत्ता नाही. अल्बम बाहेर काढला तेव्हा त्याची वीट झाली होती. पानं सोडवायला जावं तर चेहरे समोरच्या पानाला चिकटून यायचे. डॉक्टरला स्वतःला ताई आठवायची ती फक्त हनुवटीपासून खाली, कारण तो तेव्हा तिच्या खांद्याइतकाही नव्हता. बाकी चेहरा होता तो एकट्या आईच्या डोक्यात.

म्हणून त्याने तो तिथून काढायचा ठरवला. सुट्टीच्या दिवशी जेवणं उरकली की तो कॉम्प्युटरपुढे बसायचा, हातात ते चित्र काढायचं पेन, आणि शेजारच्या खुर्चीत आई. आई म्हणजे असं तसं गिऱ्हाईक नव्हे.

"नाक कुणाचं काढलंस हे? तुझ्या आत्याचं नाक आहे हे. पूस."

"आई, आत्ताच तर बरोबर म्हणालीस."

"तेव्हा चष्मा नव्हता माझ्या डोळ्यांवर. पूस म्हणते ना!"

नाकाला पाच आठवडे लागले. भुवया एकदाच्या जमल्या. हसताना ताईचा डावा गाल आधी हलायचा, उजवा मागून, हे आईने स्वतः करून दाखवलं आणि सत्तरीची ती बाई हे करताना त्याला एकदम परकरी पोर दिसली. कानावरून तर दोघांचं दोन महिने वाजलं. आई म्हणायची, पाळ्या जरा बाहेर आलेल्या होत्या. हा म्हणायचा, इतक्या बाहेर वाईट दिसतात. आई म्हणायची, तिच्या नव्हत्या दिसत वाईट, तू तुझं शहाणपण दुकानात ठेव. शेवटी कान आईच्या मनासारखे झाले. दोन वर्षांनी एका दुपारी ती पुढे वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "आली गं बाई."  हा मोरीत जाऊन तोंड धुऊन आला.

आता पुढच्या सुट्टीला मोठी प्रिंट काढायची आणि भिंतीवर लावायची, एवढंच उरलं होतं. आणि नेमका मधल्या आठवड्यात मेहुणा उगवला.

बायकोचा हा भाऊ दर सहा महिन्यांनी नवी अक्कल घेऊन यायचा. या खेपेला एनएफटी. "भावोजी, साधी गोष्ट आहे. चित्र इंटरनेटवर सगळे बघणार, पण मालकीची नोंद एकाच्याच नावावर. जगात एकच. ती नोंद विकायची. आणि चित्राखाली तुमचं नाव, कायमचं. कुणाचा बाप पुसू शकणार नाही."

दुसरं काही म्हणाला असता तर डॉक्टरने हसून सोडून दिलं असतं. पण नाव म्हणाला. एकोणीस वर्षांत कशाखाली म्हणून त्याचं नाव आलं नव्हतं. मेहुण्याने त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि हा गडी सरसर चढला की! त्याने आपली जुनी चित्रं टाकली, खिडक्या, जिने, पावसाळी छत्र्या, रिकाम्या खुर्च्या. कुणी कुत्रंही फिरकलं नाही. मग मेहुणा म्हणाला, "ते ताईंचं टाका. तुमचा जीव त्यात आहे, लोकांना कळतं ते."

त्याने टाकलं. आईला विचारलं नाही. विचारायला हवं होतं हे त्याला तेव्हाही कळत होतं, म्हणूनच विचारलं नाही.

दोन दिवसांत गेलं. घेणारा कोण, तर गॉगल लावलेल्या बोक्याचं चित्र. त्या बाजारात माणसं स्वतःचं तोंड दाखवत नाहीत. बोक्याने लिहिलं होतं, 'डोळे जबरदस्त.' पैसे त्यांच्या त्या आभासी नाण्यांत आले, रक्कम ऐकून बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं. चित्राखाली डॉक्टरचं नाव, आडनावासकट. त्याने ते दुकानात मालकांना दाखवलं, चहावाल्याला दाखवलं, दोन गिऱ्हाइकांनाही दाखवलं. दिवसभर जमिनीवर पाय नव्हते.

आणि संध्याकाळी घरी येऊन या शहाण्याने काय करावं? फाइल पुसली. कॉम्प्युटरमधून पुसली, पेनड्राइव्हमधून पुसली, मोबाइलमधून पुसली, पुसलेल्यांच्या डब्यातून काढली. जगात एकच म्हणून विकलंय ना, मग जगात एकच असलं पाहिजे. त्या धंद्यात असं कुणी करत नाही. जो तो स्वतःचं चित्र स्वतःकडे ठेवून असतो, त्यात लबाडीही नाही. मेहुण्याने ऐकलं तेव्हा कपाळावर हात मारला. "अहो भावोजी, तुम्ही नोंद विकलीत, चित्र कशाला पुसलंत? निदान स्क्रीनशॉट तरी काढून ठेवा!"

"तुला नाही कळायचं," डॉक्टर म्हणाला. कसला ताठा होता त्या आवाजात! आज आठवलं की त्याला स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटते.

आईला सांगितलं तेव्हा ती आधी समजलीच नाही. "विकलंस म्हणजे? ताईला?"

"ताईला नाही गं, चित्राला. आपल्याला हवं तेव्हा मोबाइलवर दिसणार आहे की."

"मग भिंतीवर लावायचं ते?"

"ते आता आपलं नाही, आई. विकलेल्या मालाची प्रिंट काढणं बरं दिसत नाही."

 मग रोज जेवण झालं की आई म्हणायची, "दाखव." हा मोबाइल पुढे धरायचा, ती दोन मिनिटं बघायची, कधी बोटाने तो डावा गाल मोठा करायची, आणि आडवी व्हायची. दीड वर्ष असं चाललं. तोवर त्या नाण्यांचा भाव पार मातीत गेला होता, पण डॉक्टरने त्याचं फारसं मनाला लावून घेतलं नाही. नाव होतं ना.

एका सकाळी दुकानात त्याने उगाच ते पान उघडलं. चित्राच्या जागी करडा चौकोन. पुन्हा उघडलं, तेच. मालकांच्या मोबाइलवर बघितलं, तेच.  तो ऑनलाइन बाजार बंद पडला होता आणि चित्रं ठेवलेली जागाही त्याच्याबरोबर गेली होती. नोंद मात्र शाबूत, ती वेगळीकडे असते म्हणे. करडा चौकोन आणि त्याखाली त्याचं नाव, आडनावासकट. दोन महिन्यांपूर्वी बाजारवाल्यांचं इंग्रजी पत्र येऊन पडलं होतं, ज्याच्या त्याच्या फायली ज्याने त्याने उतरवून घ्याव्यात म्हणून. जाहिरातींच्या ढिगात ते त्याने उघडलंच नव्हतं.

बोक्याला निरोप धाडला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'कुठलं चित्र? अशी चारशे घेतली होती मी.' त्याने स्वतःकडे एकही उतरवून ठेवलं नव्हतं, कारण ती बघण्यासाठी घेतलीच नव्हती. भला माणूस होता, नोंद फुकटात परत देऊन टाकली. आता त्या करड्या चौकोनाचा मालकही डॉक्टरच.

मेहुण्याच्या मोबाइलमध्ये एक नखाएवढी प्रत निघाली, त्याने कुणाला तरी दाखवायला पाठवलेली. डॉक्टरने ती मोठी केली. नुसते चौकोन, आठदहा रंगांचे. मेहुण्याने हौसेने ती कुठल्याशा यंत्राकडून सुधारून आणली तर त्यातून एक गुळगुळीत, जाहिरातीतली बाई बाहेर आली. डॉक्टरने तिचे कान बघितले आणि मोबाइल परत दिला.

चार दिवस त्याने आईला नेट नाही म्हणून सांगितलं.

"नेट नाही, मग मघाशी व्हिडिओवर सुनेचं माहेर कसं दिसत होतं?" आई म्हणाली. "काय झालंय ते सांग."

त्याने सांगितलं. सगळं, पुसण्यासकट. आईने चिडावं, चार शब्द सुनवावेत, असं त्याला फार वाटत होतं. ती नुसती म्हणाली, "मग दुसरं काढ. नाक कसं, कान कसे, सगळं माहीत आहे आता तुला. दोन वर्षं थोडीच लागणार आहेत?"

सुट्टीच्या दिवशी दोघं पुन्हा बसली. त्याने चेहऱ्याचा घेर काढला, हनुवटी काढली, ती त्याची त्याला येत होती. मग विचारलं, "भुवया इथून सुरू करू, की जरा वरून?"

आईने डोळे मिटले. 

"आई?"

"थांब रे जरा." मग डोळे न उघडताच म्हणाली, "मला चित्र दिसतंय. मोबाइलवरचं. तिला बघायला जाते तर तेच पुढे येतं. आणि तेही नीट दिसत नाही, काचेवर उजेड पडल्यासारखं." तिने डोळे उघडले, तेव्हा ती घाबरलेली होती. "आधी दिसायची रे मला. तुला सांगत नव्हते का मी?"

"सांगत होतीस."

"मग कुठे गेली?"

 चित्र झालं तसं तिने आठवायचं सोडून दिलं होतं. कशाला आठवायचं, रोज समोर दिसत होती ना. तेहतीस वर्षं जिवापाड जपलेली वस्तू त्या माउलीने विश्वासाने लेकाच्या हातात दिली होती.

तो काढत राहिला. दुसरी सुट्टी गेली, तिसरी गेली. आई शेजारी बसायची, पण पूस म्हणायची नाही. त्याने मुद्दाम आत्याचं नाक काढून बघितलं, तरी नाही. मग ते त्यानेच पुसलं. तिसऱ्या सुट्टीला पडद्यावर एक चेहरा तयार झाला. चांगला होता. दुकानात कुणी आणला असता तर डॉक्टरला त्याचा अभिमान वाटला असता.

"हीच," आई म्हणाली.

"कान बघ ना नीट."

"कान बरोबर आहेत."

"आई, खरं सांग. ही ताई आहे?"

आईने पडद्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लहान मुलाची समजूत घालावी तशा आवाजात म्हणाली, "असू दे रे. आता हिलाच ताई म्हणू. काढ प्रिंट."

त्याने प्रिंट काढली. या वेळी फाइल पुसली नाही.