मामाच्या नावापुढचा शब्द

माझा मामा एका दवाखान्यातल्या लिफ्ट्स सांभाळतो आणि कुणावरही विश्वास ठेवत नाही. कुलूप लावून दोनदा ओढतो, तिसऱ्यांदा ओढायला अर्ध्या जिन्यावरून परत येतो. लिफ्ट दुरुस्त झाली की काठोकाठ भरलेला पेला हातात धरून पहिली फेरी स्वतः मारतो. पाणी सांडलं की लिफ्ट बंद.

अशा माणसाला नव्या मॅनेजरने बसायला खुर्ची दिली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. वर हसून एक इंग्रजी कागद दिला आणि उद्या सही करून आणा म्हणाला. मामाच्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

संध्याकाळी तो मामीसोबत कागद घेऊन माझ्याकडे आला, कारण मी शाळेत इंग्रजी शिकवते. त्याच्या नावापुढे 'कॉम्पिटंट' असं छापलं होतं. मी सांगितलं, ज्याला आपलं काम नीट येतं तो.

"मग एक्सपर्ट का नाही लिहिलं?"

एक्सपर्ट त्याच्याही वरचा, असं मी तोऱ्यात बोलून गेले. मामाचं तोंड एवढंसं झालं. मला माझाच राग आला.

मामी बाजूला भाजी निवडत होती. तिला इंग्रजीचं अक्षर येत नाही. ती म्हणाली, "शब्द राहू दे गं. सही कशाखाली करायचीये ते वाच."

मी वाचलं. मोठ्या लिफ्टचा ब्रेक या कॉम्पिटंट माणसाने स्वतः तपासला आहे, पुढे काही झालं तर जबाबदार तोच. तारीख मागच्या मंगळवारची. त्या दिवशी मामा तापाने अंथरुणात होता. वीस वर्षं मी हा शब्द कौतुकाचा म्हणून शिकवत आले. तो असा कुणाच्या गळ्यातही अडकवतात, हे मला ठाऊक नव्हतं.

मामाच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते. सही नाकारली तर नोकरी जाणार, हे तिघांनाही कळत होतं.

सकाळी मी त्याच्यासोबत गेले. मामाने पेला भरला, लिफ्टचं दार उघडलं आणि मॅनेजरला म्हणाला, "या साहेब, एक फेरी मारू. खाली आलो की सही करतो."

मॅनेजरने लिफ्टकडे पाहिलं, मग पेल्याकडे. तेवढाच व्यायाम होतो, असं काहीतरी पुटपुटत तो जिन्याने वर गेला.

मामाने कागदावर आडवी रेघ ओढली आणि लिफ्टच्या दाराला कुलूप घातलं.

"मामा, नोकरी?"

"गेली तर गेली," तो म्हणाला, आणि कुलूप तिसऱ्यांदा ओढून बघायला मागे फिरला.