वाडीचं दूध कोणी बंद केलं

विमलताई गेल्या त्या सकाळी मी नारायणगावच्या चौकात राजुरीकडची जीप भरायची वाट बघत बसलो होतो. त्यांच्या मुलाचा फोन आला. "नाना, आई गेली. संस्थेत तुमीच कळवा." मी कळवलं. दहाव्याला बोललोही. "ताई कडक होत्या, पण मनाने चांगल्या," एवढं सांगून खाली बसलो. मग डोंगराकडच्या वाडीतला एक जण उठला. म्हणाला, "आमच्या वाडीचं दूध त्यांनी बंद केलं व्हतं. पर गेल्या माणसाचं वाईट बोलू नये. नानांनी परत चालू केलं, म्हणून आमी टिकलो." लोकांनी माझ्याकडे बघून माना हलवल्या. मी मान खाली घातली... ही दोन्ही वाक्यं खोटी आहेत. वाडीचं दूध मी बंद केलं होतं. चालू विमलताईंनी केलं.

आमच्या गावच्या दूध संस्थेचा मी सचिव होतो. चेअरमनपद महिलेसाठी राखीव झालं तेव्हा संचालकांनी विमलताईंना बसवलं, ते बाई सही करेल आणि गप्प राहील या हिशोबाने. माहेर कळंबचं, घरी गोठा, दुधाची जाण चांगली. पहिल्याच महिन्यात एका संचालकाच्या मुलाच्या दुधात पाणी निघालं. ताई म्हणाल्या, "घेऊन जा परत. पाणी आमच्याकडंबी हाय." संध्याकाळी चहाच्या टपरीवर निकाल लागला, "बाई लई तोंडाळ हाय राव!" पुढे एका म्हाताऱ्याचं दूध नासलं, तेव्हा ताईंनी त्याला समजावून सोडून दिलं. त्याच टपरीवर तीच माणसं म्हणाली, "शेवटी बाईमाणूस. पाघळली." मी हे त्यांच्या कानावर घातलं तर हसल्या. "नाना, खारट झालं तरी सून, अळणी झालं तरी सून."

मग त्यांनीच तोड काढली. सकाळी फॅट तपासायच्या टेबलाशी आम्ही दोघं बसायचो. काय करायचं ते त्या ठरवायच्या आणि सभेत ते मी बोलायचं. "तुमी नाही म्हणलं की ती शिस्त. मी म्हणलं की कजागपणा. दूध चांगलं आलं म्हणजे झालं, कोण बोललं याच्याशी काय करायचंय?" चहासुद्धा त्या बैठकीत येण्याआधीच सांगून यायच्या, म्हणजे चहाची वेळ झाली की सगळ्यांनी त्यांच्याकडे बघायला नको. संस्था सुधारली. लोक म्हणू लागले, नाना आहेत म्हणून चाललंय. सुरुवातीला मी "नाही हो, ताईच..." असं काहीतरी पुटपुटायचो. नंतर तेही सोडलं. ऐकायला बरं वाटायचं, हे खरं.

एका उन्हाळ्यात त्यांचे वडील आजारी पडले आणि त्या कळंबला गेल्या. वाडीचा रस्ता चढाचा, दूध थोडं, आणि गाडी खाली येईपर्यंत ऊन चढून ते नासायचं. जाताना ताईंनी बजावलं होतं, "वाडीचं मी आल्यावर बघते. तवर गाडी बंद करू नका." मी केली. मला वाटलं, एवढा निर्णय आपण घेऊ शकतो. वाडीची माणसं भरलेल्या किटल्या घेऊन संस्थेच्या दारात आली. "कुणी बंद केलं?" गर्दी बघून मी घाबरलो. मी म्हणालो, "चेअरमनबाईंचा निर्णय आहे. माझ्या हातात काय?" आणि त्याच वेळी ताई पिशवी घेऊन जीपमधून उतरल्या. त्यांनी ते ऐकलं. एक बाई ओरडली, "बाईची जात असून आमच्या लेकरांच्या तोंडचा घास काढती!" ताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग गर्दीला म्हणाल्या, "थोडं थांबा. मी मार्ग काढते."

आत आल्यावर मी म्हणालो, "तोंडातून निघून गेलं, ताई." त्या खुर्चीत बसल्या. "मी म्हणले असते की नानांनी केलं, तर लोक म्हणले असते, चेअरमन असून हिला कुणी विचारत न्हाई. नाहीतर म्हणले असते, निभत नाही म्हणून दुसऱ्यावर ढकलती. कुठूनबी माझ्याच अंगावर येणार. ऱ्हाऊ द्या. ड्रायव्हरला बोलवा." ऊन चढायच्या आत गाडी वर पाठवायची आणि लांबून आलेल्याची किटली आधी घ्यायची, असं त्यांनी ठरवलं. ड्रायव्हर कुरकुरला, त्याला तयार केलं. मग मला म्हणाल्या, "वाडीला तुमीच सांगा. माझ्या तोंडून आता ते ऐकायचे नाहीत." मी गेलो. वाडीने टोपी-नारळ देऊन माझा सत्कार केला. मी तो घेतला. परत आलो तर ताईंनी एवढंच विचारलं, "गाडी चढली का नीट?"

नंतर सांगू, असं मी स्वतःला कितीदा तरी म्हटलं. त्यांची मुदत संपली, मी सचिव राहिलो, माझा मान वाढत गेला. त्या अंथरुणावर असताना भेटायला गेलो, तेव्हा पेंडीच्या भावावर बोललो आणि निघून आलो.

गेल्या आठवड्यात पहाटेच्या गाडीतून वाडीला गेलो. दूध घालायला माणसं जमली होती. आधी आलेले मागे सरकत होते आणि पार वरच्या टोकावरून धापा टाकत आलेल्या दोघी पुढे जात होत्या. वाडीतल्या हौसाबाई मला म्हणाल्या, "या नाना. तुमचीच पद्धत चालूय बघा अजून. लांबच्याची किटली पयली."

"पद्धत विमलताईंची आहे," मी म्हणालो. "मी फक्त सांगायला आलो होतो. आणि गाडी बंद मी केली होती. ताई कळंबला होत्या. त्यांना माहीतही नव्हतं."

माप घेणाऱ्याचा हात थांबला. हौसाबाईंनी किटली खाली ठेवली. "त्या दिशी दारात मी ओरडले ते... त्यांनी ऐकून घेतलं?"

"हो."

"आन तुमी कुठं व्हता?"

"शेजारीच उभा होतो."

त्यांनी पदर खोचला, किटली उचलली. "सरका बाजूला," म्हणाल्या, "लांबची माणसं खोळंबलीत."

मी सरकलो.