भाऊजींचा हात आणि झुकणारी बस

आमच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, बावीस वर्षं तीन पायऱ्यांची उंच बस चालवली. शाळेच्या थांब्यावर खाली उतरायचं आणि गुडघेदुखीवाल्या, शाळेतून रिटायर झालेल्या बाईंना हात देऊन वर चढवायचं, हा त्यांचा रोजचा मान. मग त्याच रस्त्यावर आली दुसऱ्या ड्रायव्हरची ती बुटकी बस. पायऱ्याच नाहीत, शिवाय ड्रायव्हरने बटण दाबलं की फुस्स करून फुटपाथकडे झुकते. बाई तिनेच जायला लागल्या आणि भाऊजींच्या पोटात दुखायला लागलं.

"झुकते म्हणे! नवी सून आहे का ती?" जेवताना त्यांचं सुरू. "खड्ड्यात पोट घासतं तिचं!"

"तुमचं काय घासतंय, भाऊजी?" मी विचारलं. त्यांनी ताटासकट पाठ फिरवली.

पुढे उंच बस भंगारात गेली आणि बुटकी भाऊजींनाच मिळाली. पहिल्या दिवशी मी मुद्दाम पुढच्या सीटवर बसले. प्रत्येक थांब्यावर त्यांनी बस झुकवली बरं का. फक्त शाळेच्या थांब्यावर बटणाला बोट लावलं नाही, आणि स्वारी खाली उतरून हात पुढे करून उभी!

"त्या दुसऱ्या ड्रायव्हरची तर झुकते," बाई म्हणाल्या. "तुझीच कशी बिघडली रे?"

भाऊजींचा चेहरा पडला.

"बटण दाब आधी. हात मग दे."

बस झुकली. बाई एकट्याही चढल्या असत्या, पण हात धरूनच चढल्या. भाऊजींनी बसकडे असं पाहिलं, जसं काही सवतीलाच हरवलं!