तोफगाडीसाठी आणलेला ट्रॅक्टर

पुलगावच्या बाजारात हिरालालचं कटलरीचं दुकान होतं. पुढे पाट्या, शाई, आरसे, बांगड्या. मागे एक लांबट खोली. त्या खोलीत जुन्या दारांच्या दोन फळ्या जोडून केलेलं टेबल होतं, आणि टेबलावर एक लढाई कायम अर्धवट मांडलेली असायची.

नदीची वाळू चाळून त्यावर टेकड्या केलेल्या. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या काड्यांची झाडं, घोसाळ्याच्या वाळक्या जाळीला हिरवा रंग देऊन केलेली झुडपं. मधोमध नदी, नदीवर पूल, पुलाशेजारी पुठ्ठ्याच्या घरांचं एक गाव. दोन्हीकडे शिशाचे शिपाई, बोटाच्या दोन पेरांएवढे. फासा टाकायचा, शिंप्याच्या टेपनं मोजून फौज पुढे सरकवायची, असा तो खेळ.

सत्तावन्न साली हिरालाल पस्तिशीचा होता. बेचाळीस साली, विशीत असताना, त्याला फौजेत जायचं होतं. पण वडील मोतीलालजी तेव्हा तुरुंगात होते. ज्या सरकारनं बापाला आत टाकलं त्याच्याच पलटणीत पोरगा निघाला, हे आईला सोसण्यासारखं नव्हतं. तो गेला नाही. दुकान सांभाळलं, लग्न केलं, आणि त्या गोष्टीबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही. फक्त मागच्या खोलीत हे टेबल आलं.

त्याचा जोडीदार प्रेमदास. गावाजवळच्या लष्करी डेपोत स्टोअरमध्ये कामाला. महायुद्धाच्या वेळी तो पलटणीत होता खरा, पण सगळी लढाई देवळालीच्या भटारखान्यात पोळ्या लाटण्यात गेली, असं तो स्वतःच हसत सांगे. रविवारी दुपारी तो सायकलवर यायचा आणि अंधार पडेपर्यंत दोघं खेळायचे. आदल्या वर्षीच नागपूरला जाऊन त्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. मोतीलालजींनी एकदा त्याचा उल्लेख हरिजन म्हणून केला, तेव्हा त्यानं शांतपणे सांगितलं की आता आम्ही बौद्ध आहोत. त्यांनी तो शब्द पुन्हा वापरला नाही.

शिपाई होते, पण गाड्यांची अडचण होती. सुरुवातीला आगपेट्यांना बटणांची चाकं लावून भागवलं. मग मुंबईचा एक घाऊक व्यापारी विलायती खेळण्यांची खोकी पाठवू लागला. आत प्लास्टिकचे सुटे भाग. ते कापायचे, चिकटवायचे आणि विमान, जहाज, मोटार तयार करायची. रणगाड्याचं किंवा लष्करी ट्रकचं खोकं मात्र त्यात कधी येत नसे. म्हणून दुसऱ्याच कशाची तरी मोडतोड करून रणगाडा घडवावा लागे, आणि कोणतं खोकं ठेवायचं, कोणतं परत पाठवायचं हाच हिरालालचा खरा छंद होऊन बसला.

खोक्यावरच्या चित्रावर भुलू नये, हे तो दोनदा फसून शिकला होता. एका मोटारीत त्याचा शिपाई पाळण्यातल्या पोरासारखा दिसायचा. दुसरी इतकी लहान की शिपायाचं डोकं टपाला लागायचं. तेव्हापासून तो एक शिपाई खिशातच ठेवी. खोकं उघडलं की आधी चाक काढून त्याच्या कमरेशी धरायचं, दार असेल तर तो दारातून जाईल का ते पाहायचं. जहाज बिनकामाचं. विमान टेबलावर उडत नाही, पण त्याचे पंख उलटे टाकले की पुलाचा पत्रा होतो, म्हणून ते ठेवायचं.

अशात एका पार्सलात ट्रॅक्टर निघाला. मागची चाकं मोठी, पुढे भक्कम तोंड. शिपाई बसवून पाहिला तर अगदी मापात. हिरालालच्या मनात लगेच चित्र उभं राहिलं. वरून पत्र्याचं चिलखत चढवायचं, मागे तोफ जोडायची. रविवारी प्रेमदास आला तेव्हा हिरालालनं हे त्याला सांगितलं, आणि खोकं घरी नेऊन ओसरीवर ठेवलं.

तिथं ते मोतीलालजींनी पाहिलं. ते खादीव्रती माणूस. मुलाच्या टेबलाकडे त्यांनी कधी पाऊल वळवलं नव्हतं. पोराचा खेळ म्हणून सोडून दिलं होतं. पण खोक्यावर शेत नांगरणारा ट्रॅक्टर होता. त्यांचा चेहरा उजळला. हिरालाल घरात येताच त्यांनी विचारलं, "हिरा, हे तू बनवून राह्यला? मी बसू काय तुह्यासंगं?"

हिरालाल हो म्हणाला. दुसरं काही म्हणणं त्याला जमलंच नाही.

मग रोज संध्याकाळी बाप-लेक ओसरीवर बसू लागले. मोतीलालजी चष्मा पुसून एकेक तुकडा कानशीनं घासत, हिरालाल चिकटवत असे. बोलणं फारसं नसे. कधी वडनेरच्या घरच्या शेताचं, कधी सरकीच्या भावाचं. हिरालालची बायको अनुसया चहा आणून ठेवी आणि थोडा वेळ तिथंच टेकून बघत बसे. इतक्या वर्षांत हे दोघं एका कामाला असे बसलेले तिनं पाहिले नव्हते. हिरालाल रोज ठरवी, आज सांगू. आणि रोज ते राहून जाई.

ट्रॅक्टर पुरा झाला तेव्हा मोतीलालजी तो वडनेरला घेऊन गेले. शेतकऱ्यांना दाखवला, पोरांनी हाताळला. परतल्यावर रविवारी ते तो दुकानात ठेवायला आले. प्रेमदास दारातच सायकल लावत होता. त्यानं ट्रॅक्टर हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि मनापासून म्हणाला, "लय साजरा जमला, बाबूजी. आता याची तोफगाडी कराची म्हणते हिराभाऊ."

मोतीलालजींनी मुलाकडे पाहिलं. हिरालालनं मान खाली घातली. ट्रॅक्टर प्रेमदासच्या हातून घेऊन, गल्ल्याशेजारी ठेवून मोतीलालजी निघून गेले. प्रेमदासला आपण काय बोललो ते कळलं आणि तो कितीदा तरी माफी मागत राहिला. हिरालाल म्हणाला, चूक तुझी नाही. त्या दिवशी खेळ झाला नाही.

घरी बोलणं बंद झालं. मोतीलालजी रागावले नव्हते, आणि हिरालालला तेच जड जात होतं. शेवटी एका सकाळी तोच जाऊन त्यांच्या पुढ्यात बसला. फौजेत जायचं होतं, आईसाठी राहिलो, ते मनातून गेलं नाही, म्हणून हे टेबल, असं सगळं सांगितलं. ट्रॅक्टरबद्दल तुमचं मन मोडवेना, हेही सांगितलं.

मोतीलालजींनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "मले तुरुंगात हे कोणी कळवलंच नाई रे." आणि उठत, "चाल, दाखव तुहं टेबल."

मागच्या खोलीत ते पहिल्यांदाच आले. टेबलाभोवती एक चक्कर मारली. तोफा कुठं, पूल कोणाच्या ताब्यात, हे हिरालाल समजावत होता. ते पुठ्ठ्याच्या गावापाशी थांबले, एका घराचं छप्पर उचलून आत पाहिलं.

"इथले लोक कुठं गेले?"

गावात लोक नव्हतेच. त्यांना ठेवायचं कधी मनातच आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी त्यानं ही गोष्ट प्रेमदासला सांगितली. प्रेमदास म्हणाला, मंग ठेवू लोक. अनुसयानं काळ्या मातीची माणसं करून दिली. बाया, पोरं, एक बकरीवाला. मोतीलालजींनी एकच मागणी केली: चालता न येणारी एक म्हातारी पाहिजे. नियम ठरला की गावकरी दोघांत वाटून घ्यायचे, आपल्या वाट्याच्या लोकांना टेबलाच्या कडेपर्यंत पोचवल्याशिवाय पूल जिंकला असं धरायचं नाही, आणि म्हातारी ज्याच्या वाट्याला येईल त्यानं तिला न्यायला एक गाडी रिकामी ठेवायची.

डेपोतले दोघं-तिघं कधीमधी खेळायला येत, त्यांना हे कंटाळवाणं वाटलं. ते यायचे बंद झाले. ट्रॅक्टर तोफगाडी झाला नाही. हिरालालनं तो तसाच गावाबाहेर, नदीकाठच्या शेतात उभा केला. मोतीलालजी रविवारी टकळी घेऊन कोपऱ्यात बसू लागले.

त्या हिवाळ्यात एका डावात प्रेमदासनं जवळजवळ बाजी मारली होती. त्याचे शिपाई पुलावर चढलेले, हिरालालची फौज मागे रेटलेली. पण त्याच्या वाट्याची म्हातारी अजून गावातल्या देवळापाशी होती, आणि जवळ असलेली एकुलती गाडी पूल धरून उभी होती. प्रेमदासनं टेप लावून पाहिला, पुन्हा पाहिला, आणि गाडी मागे वळवून म्हातारीला टेबलाच्या कडेला पोचवलं. पुढच्याच फाशावर हिरालालनं पूल घेतला, आणि त्याचे गावकरी आधीच पोचले असल्यानं डाव त्याचा झाला.

हिरालालला त्या जिंकण्यात गोडी वाटली नाही. हा डाव सोडून देऊ, पुन्हा मांडू, असं तो म्हणाला.

"काऊन?" प्रेमदास म्हणाला. "हारलो तं हारलो. म्हातारी तं पोचली ना."

मोतीलालजींनी सूत गुंडाळून ठेवलं आणि चहा सांगायला ते स्वतः उठले.