नाक तेवढं आलं

आईचा स्तनाचा कॅन्सर बरा होऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या रक्ततपासणीत एका जीनमध्ये बदल सापडला होता आणि तो माझ्यात येण्याची शक्यता निम्मी, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं. माझा रिपोर्ट आणायला आम्ही दोघी जूचंद्रहून रिक्षाने गेलो. वाटेत आईने माझा हात सोडला नाही.

"तुमच्यात तो बदल नाही," बाई म्हणाल्या. "धोका इतर बायकांइतकाच. नेहमीची तपासणी मात्र चुकवू नका."

मी तेच पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी त्या हसल्याच.

आई जिन्यात थांबून म्हणाली, "म्हंजे माज्याकडनं तुला कायच नाय आलं?"

"नाक आलंय."

तिने स्वतःच्या नाकाला हात लावला, माझ्याकडे पाहिलं आणि अशी हसत सुटली की कठडा धरावा लागला. मलाही आवरेना. वरून उतरणारे एक गृहस्थ आम्हाला बघून भिंतीला चिकटून गेले. मला काही झालं तर दोष आपलाच, हे दोन वर्षं तिच्या मनात होतं; तिने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. रसवंतीवर आम्ही दोन-दोन ग्लास रस प्यायलो. शेजारच्या अनोळखी बाईला आई सांगत होती, "पोरगी पास झाली माजी."

घरी मामा वाट पाहत बसला होता.

"मामा, आता तुझी पाळी," मी म्हटलं.

"बायकांच्या दुखन्यात माजं काय काम?"

हा बदल बापाकडूनही मुलीत जातो, मी समजावलं. त्याच्या वडिलांची बहीण छातीच्या गाठीनेच गेली होती, आणि मामाला एक मुलगी आहे. तो मिशीवरून हात फिरवत राहिला.

"थोडं रगत द्यायचंय," आई म्हणाली. "येवढ्याला घाबरतोस तर मिशा कशाला ठेवल्यास?"

दुसऱ्याच दिवशी तो रक्त देऊन आला. काही आठवड्यांनी रिपोर्ट आला; त्याच्यात तो बदल निघाला. आचोळ्याला मुलीच्या घरी जाऊन त्याने स्वतः तिला सांगितलं. त्या संध्याकाळी आमच्याकडे कोणी हसलं नाही. पुढे तिच्यातही निघाला. आता ती दर वर्षी एमआरआय करून घेते. पहिला स्वच्छ आला, तेव्हा मामाने आळीभर पेढे वाटले. कशाचे, असं कोणी विचारलं की ताठ मानेने सांगायचा, "पोरीचा एमआरआय चांगला आला."